सांडपाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन सिलिंडरांची संख्यानिश्चिती : साठा आणि वेग यांचा विचार

बीजसंज्ञा : सांडपाणी प्रक्रिया, निर्जंतुकीकरण, क्लोरीन, टनर, बाष्पदाब, अप्रकट उष्मा, सुरक्षित साठवण.

प्रस्तावना :

नागरी सांडपाण्यावर प्राथमिक व द्वितीय प्रक्रिया झाल्यानंतर ते नदीनाल्यात सोडण्यापूर्वी त्यातील रोगजंतूंचा नाश करणे आवश्यक असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या दर १०० मिलिलिटरमध्ये १,००० पेक्षा कमी असावी लागते. ही मर्यादा केवळ जैविक प्रक्रियेने सहसा गाठली जात नाही. त्यासाठी शेवटच्या टप्प्यावर क्लोरीन, अतिनील किरण, ओझोन अशा साधनांचा उपयोग करावा लागतो. यांपैकी क्लोरीन वायूचा वापर दीर्घकाळ प्रचलित आहे. आपल्याकडे हा वायू मुख्यतः १०० कि.ग्रॅ. च्या उभ्या सिलिंडरांतून आणि ९०० कि.ग्रॅ. च्या आडव्या पात्रांतून पुरविला जातो. या दुसऱ्या प्रकारास व्यवहारात 'टनर' म्हणतात.

एखाद्या केंद्रास किती सिलिंडर लागतील, हा प्रश्न वरकरणी त्रैराशिकाचा वाटतो. रोजचा खप काढावा, त्यास दिवसांनी गुणावे आणि एका सिलिंडरातील वजनाने भागावे, म्हणजे उत्तर मिळाले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा हिशेब चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. सिलिंडरात क्लोरीन शिल्लक असूनही तो हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही, अशी अवस्था प्रत्यक्षात येऊ शकते. तिच्यावर उपाय म्हणून आणखी सिलिंडर आणून ठेवले, तर विषारी वायूचा साठा वस्तीजवळ विनाकारण वाढतो. प्रस्तुत लेखात सिलिंडरांच्या संख्येमागील दोन स्वतंत्र हिशेब, त्यांतील भौतिक व रासायनिक कारणे आणि साठ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

क्लोरीनची मात्रा आणि रोजचा खप :

मेट्रिक मापनपद्धतीमुळे खपाचा हिशेब अतिशय सुलभ होतो. १ दशलक्ष लिटर पाण्यात दर लिटरला १ मि.ग्रॅ. या प्रमाणात क्लोरीन मिसळावयाचा असल्यास बरोबर १ कि.ग्रॅ. क्लोरीन लागतो. म्हणून दररोजचा प्रवाह दशलक्ष लिटरमध्ये व मात्रा मि.ग्रॅ. प्रतिलिटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार केला की रोजचा खप कि.ग्रॅ. मध्ये मिळतो.

विवेचनासाठी १ लाख लोकसंख्येचे एक काल्पनिक नगर घेऊ. दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातील ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते असे धरल्यास रोजचे सांडपाणी १०.८ दशलक्ष लिटर, म्हणजेच ताशी सरासरी ४५० घनमीटर होईल. सक्रिय गाळ प्रक्रियेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी साधारणतः २ ते ८ मि.ग्रॅ. प्रतिलिटर मात्रा पुरते. येथे सरासरी मात्रा ६ मि.ग्रॅ. आणि वर्षातील सर्वाधिक खपाच्या महिन्यातील मात्रा ८ मि.ग्रॅ. धरू. सरासरी खप दिवसाला ६४.८ कि.ग्रॅ. व सर्वाधिक खपाच्या महिन्यात दिवसाला ८६.४ कि.ग्रॅ. येतो.

मात्रा मात्र स्थिर राहत नाही, कारण क्लोरीन केवळ जंतूंवर खर्च होत नाही. पाण्यात उरलेले सेंद्रिय पदार्थ, सल्फाइड आणि नायट्रोजनची संयुगे त्याचा मोठा वाटा घेतात. अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. ती जंतुनाशक असली तरी मुक्त क्लोरीनपेक्षा मंद असतात. सर्व अमोनिया नष्ट करून मुक्त क्लोरीन मिळवावयाचा झाल्यास अमोनियातील नायट्रोजनच्या दर १ मि.ग्रॅ. ला सैद्धांतिकदृष्ट्या ७.६ मि.ग्रॅ. क्लोरीन लागतो. पाण्यात असा नायट्रोजन २० मि.ग्रॅ. प्रतिलिटर असेल, तर केवळ त्यासाठीच १५२ मि.ग्रॅ. मात्रा द्यावी लागेल. हे व्यवहार्य नसल्याने अशा सांडपाण्यात क्लोरामाइनवरच विसंबून राहून संपर्ककाळ पुरेसा ठेवला जातो.

नायट्राइटचे वर्तन यापेक्षा अधिक त्रासदायक असते. जैविक प्रक्रियेत अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट होते. ही साखळी अर्धवट राहिल्यास पाण्यात नायट्राइट साचते आणि त्यातील नायट्रोजनचा दर १ मि.ग्रॅ. सुमारे ५ मि.ग्रॅ. मुक्त क्लोरीन खर्च करतो. म्हणजे ०.८ मि.ग्रॅ. प्रतिलिटर इतके अल्प नायट्राइट-नायट्रोजन आले, तरी आपल्या उदाहरणातील ६ मि.ग्रॅ. ची मात्रा १० मि.ग्रॅ. पर्यंत न्यावी लागेल. म्हणून यंत्रणेची कमाल मात्रा १० मि.ग्रॅ. प्रतिलिटर धरू. थंडीत नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे कार्य मंदावते व ही साखळी अर्धवट राहण्याची शक्यता वाढते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिला हिशेब : साठा

साठ्याचा हिशेब वजनाचा आहे. सर्वाधिक खपाच्या महिन्यात ३० दिवसांना पुरेल इतका क्लोरीन हवा असेल, तर ८६.४ गुणिले ३० म्हणजे २,५९२ कि.ग्रॅ. लागेल. ९०० ने भागल्यास २.८८ येतात. अर्थात तीन टनर पुरतात. १०० कि.ग्रॅ. चे सिलिंडर घ्यावयाचे झाल्यास ते २६ लागतील.

दिवसांचा आकडा मात्र सवयीने ठरवू नये. मागणीपत्र निघाल्यापासून भरलेला टनर केंद्रात येईपर्यंत किती दिवस लागतात, पावसाळ्यात रस्ता बंद राहण्याची शक्यता किती, यांवर तो ठरावा. तसेच सिलिंडर पूर्ण रिकामा करावयाचा नसतो. आत थोडा दाब शिल्लक न ठेवल्यास ओलसर हवा किंवा पाणी आत शिरते आणि ओला क्लोरीन पोलाद झपाट्याने खातो. त्यामुळे हिशेबात ९०० कि.ग्रॅ. धरले, तरी प्रत्यक्ष वापर त्याहून काहीसा कमी असतो.

दुसरा हिशेब : वेग

सिलिंडरातील क्लोरीन बहुतांशी द्रवरूपात असतो. क्लोरीनचा उत्कलनबिंदू उणे ३४ अंश सेल्सिअस असल्याने नेहमीच्या तापमानाला तो दाबाखालीच द्रवरूपात राहतो. झडप उघडल्यावर वरचा वायू बाहेर जातो, दाब किंचित उतरतो आणि द्रवाचे बाष्पीभवन होऊन ती तूट भरून निघते. या बाष्पीभवनासाठी दर कि.ग्रॅ. ला सुमारे २५५ किलोज्यूल इतका अप्रकट उष्मा लागतो. तो प्रथम द्रवातून घेतला जातो, द्रव थंड होतो आणि मग बाहेरच्या हवेतील उष्णता पोलादी भिंतीतून आत येऊ लागते. ताशी ७.५ कि.ग्रॅ. क्लोरीन काढल्यास अखंडपणे सुमारे अर्धा किलोवॅट उष्णता आत यावी लागते. टनरजवळ कोणतीही शेगडी नसते. ही सर्व उष्णता खोलीतील हवाच पुरविते.

लग्नसमारंभात स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यास ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. मोठ्या शेगडीला एकच गॅस सिलिंडर जोडला, की काही वेळाने त्याच्या अंगावर घाम येतो, क्वचित हिमही साचते आणि ज्योत मंदावते. सिलिंडर हलवून पाहिला तर आत गॅस भरपूर असतो. म्हणूनच आचारी दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घेतो. क्लोरीनच्या बाबतीत नेमके हेच घडते. फरक इतकाच, की येथे ज्योत मंदावलेली दिसत नाही. जंतू जिवंत राहून नदीत जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

यातून आणखी एक बाब स्पष्ट होते. आत द्रव शिल्लक असेपर्यंत सिलिंडरातील दाब हा तापमानावर अवलंबून असतो, शिल्लक वजनावर नव्हे. २० अंशांना दाबमापकावर सुमारे ५.७ बार दाब दिसतो, मग आत ८०० कि.ग्रॅ. असोत वा ८०. त्यामुळे दाबमापक पाहून साठा ओळखता येत नाही. त्यासाठी वजनकाटाच हवा.

प्रत्यक्ष व्यवहारात २१ अंश सेल्सिअसला एका टनरमधून वायुरूपात दिवसाला सुमारे १८० कि.ग्रॅ., म्हणजे ताशी ७.५ कि.ग्रॅ. क्लोरीन सातत्याने काढता येतो असे मानतात. १०० कि.ग्रॅ. च्या सिलिंडरासाठी हा आकडा ताशी साधारण १ कि.ग्रॅ. धरतात. तापमान बदलल्यास हा वेग अंदाजे सरळ प्रमाणात बदलतो. क्लोरिनेटरला लागणारा किमान दाब ज्या तापमानाला मिळतो, ते तापमान येथे उणे ६.७ अंश धरले आहे. खोलीचे तापमान त्याच्या जितके अंश वर, तितक्या अंशांना ६.५ ने गुणिले की टनरचा दिवसाचा वेग कि.ग्रॅ. मध्ये मिळतो. नियंत्रक थेट टनरवर बसवून निर्वाताखाली वायू ओढला, तर कमी दाबावरही काम चालते व हा वेग काहीसा वाढतो.

आता आपल्या नगराची गरज पाहू. सांडपाणी दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाही. सकाळी ते सर्वाधिक येते. ५० हजार ते साडेसात लाख लोकसंख्येसाठी आपल्याकडे २.२५ हा कमाल प्रवाहाचा गुणक वापरतात. त्यानुसार कमाल प्रवाह ताशी १,०१२.५ घनमीटर होतो. कमाल मात्रा १० मि.ग्रॅ. प्रतिलिटर घेतल्यास क्लोरीनची गरज ताशी १०.१ कि.ग्रॅ. येते. प्रवाह समान करणारी टाकी बांधून दिवसभर ४५० घनमीटरचाच प्रवाह ठेवला, तर हीच गरज ताशी ४.५ कि.ग्रॅ. इतकी राहते. दोन्ही परिस्थितींत एकाच वेळी जोडावे लागणारे टनर तक्ता क्र. १ मध्ये दिले आहेत.

तक्ता क्र. १ : खोलीचे तापमान आणि एकाच वेळी जोडावयाचे टनर

१० अंश से. : एका टनरचा वेग ताशी ४.५ कि.ग्रॅ.; असमान प्रवाहास ३ टनर; समान प्रवाहास १ टनर.
२० अंश से. : एका टनरचा वेग ताशी ७.२ कि.ग्रॅ.; असमान प्रवाहास २ टनर; समान प्रवाहास १ टनर.
३० अंश से. : एका टनरचा वेग ताशी ९.९ कि.ग्रॅ.; असमान प्रवाहास २ टनर; समान प्रवाहास १ टनर.

दोन हिशेबांतील तफावत :

तक्त्यातील पहिल्या ओळीचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिक परिसरात व विदर्भात रात्रीचे तापमान १० अंशांपर्यंत उतरणे ही नित्याची बाब आहे. पहाटेच्या थंडीनंतर लगेच सकाळचा कमाल प्रवाह येतो. त्याच ऋतूत नायट्राइटमुळे मात्रा वाढण्याचा संभवही अधिक असतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी टनरची पुरविण्याची क्षमता घटते. वार्षिक सरासरीवर आधारलेल्या हिशेबात हा योग कधीच दिसत नाही.

असमान प्रवाह कायम ठेवल्यास १० अंशांना तीन टनर एकाच वेळी जोडावे लागतात. ते संपत आल्यावर खंड न पडता दुसरा संच सुरू व्हावा म्हणून आणखी तीन राखीव ठेवावे लागतात. असे एकूण सहा टनर, म्हणजे ५,४०० कि.ग्रॅ. क्लोरीन केंद्रात राहील. साठ्याच्या हिशेबाने तीनच पुरत होते. भांडारातील हिशेबाप्रमाणे तीन टनर आणले, तर थंडीत निर्जंतुकीकरण अपुरे पडेल. अभियंत्याच्या हिशेबाप्रमाणे सहा आणले, तर दुप्पट विषारी वायू साठवावा लागेल. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबर असूनही समाधानकारक नाहीत.

येथे एक सूक्ष्म बाब नमूद केली पाहिजे. कमाल प्रवाह दोन-तीन तासच टिकतो. तेवढ्या अवधीत टनरमधील द्रव स्वतःची उष्णताही देऊ शकतो. नेहमीच्या क्षमतेपेक्षा ताशी ३ कि.ग्रॅ. अधिक याप्रमाणे तीन तास क्लोरीन काढला, तर ९ कि.ग्रॅ. साठी सुमारे २,३०० किलोज्यूल उष्णता लागते. ९०० कि.ग्रॅ. द्रव त्यामुळे तीन अंशांपेक्षा कमी थंड होईल. परंतु आत १०० कि.ग्रॅ. च उरला असल्यास पोलादाने दिलेली उष्णता धरूनही घट यापेक्षा बरीच मोठी होईल. भरलेला टनर जे ओझे सहज पेलतो, ते संपत आलेला टनर पेलू शकत नाही. म्हणून यंत्रणेची चाचणी केवळ नव्या टनरवर घेणे फसवे ठरते.

वेगाची तूट भरून काढण्याचे मार्ग :

वेग कमी पडत असल्यास सिलिंडर वाढविणे हा एकमेव मार्ग नाही. पहिला मार्ग मागणीचा चढउतार कमी करण्याचा आहे. प्रवाह समान करणारी टाकी असेल, तर एकच टनर जोडून काम भागते. दुसरा जोडणीस तयार ठेवावयाचा व तिसरा साठ्यात. तीन टनर साठ्याच्या हिशेबासही पुरेसे आहेत. एक टनर संपल्यावर उरलेले दोन जवळजवळ २१ दिवस पुरतात आणि तेवढ्या मुदतीत नवा टनर येणे शक्य असते. अनुक्रमिक पद्धतीच्या प्रक्रिया केंद्रात उलट स्थिती संभवते. तेथे पाणी ठरावीक वेळीच टाकीतून बाहेर सोडले जाते. ते दिवसातील निम्म्याच वेळात सोडले जात असेल, तर ताशी गरज दुप्पट धरावी लागते.

दुसरा मार्ग तापमानाचा आहे. १० अंशांना एका टनरची क्षमता व समान प्रवाहाची गरज तंतोतंत जुळतात. हाताशी काहीच उरत नाही. टनरची खोली १५ अंशांच्या वर ठेवल्यास हीच क्षमता ताशी ५.९ कि.ग्रॅ. होते. मात्र टनरला ज्योत लावणे, त्यावर गरम पाणी ओतणे अथवा हीटर टेकविणे सर्वथा वर्ज्य आहे. टनरवरील वितळणारी सुरक्षा-बुचे सुमारे ७० ते ७४ अंशांना वितळतात आणि मग सर्व वायू मोकळा होतो. उष्णता केवळ खोलीतील हवेतून मिळावी. त्याचप्रमाणे क्लोरिनेटरची खोली टनरच्या खोलीपेक्षा थंड असू नये. अन्यथा नळीतून जाणारा वायू पुन्हा द्रवरूप होऊन यंत्रात शिरतो.

तिसरा मार्ग मोठ्या केंद्रांसाठी आहे. टनरला दोन झडपा असतात. त्या एकाखाली एक येतील असा टनर ठेवल्यास वरच्या झडपेतून वायू आणि खालच्या झडपेतून द्रव मिळतो. द्रव काढून त्याचे वेगळ्या इव्हॅपोरेटरमध्ये वायूत रूपांतर केले, की हवेतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा राहत नाही. आपल्या उदाहरणाएवढ्या केंद्रास मात्र हा खर्च व द्रवगळतीची जोखीम परवडणारी नाही. १ घनमाप द्रव क्लोरीनचे सुमारे ४६० घनमाप वायू होतात, हे येथे विसरून चालणार नाही.

साठ्याची सुरक्षितता आणि कायदा :

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने गळती झाल्यावर तो जमिनीलगत पसरतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबई बंदराच्या शिवडी येथील हाजी बंदर आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरांतून क्लोरीनची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. ते सिलिंडर कोणत्याही कामासाठी वापरात नव्हते. न वापरलेला साठा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा या घटनेचा धडा आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या ब्लू प्लेन्स या प्रचंड सांडपाणी केंद्राने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत द्रव क्लोरीनचा साठा हलविला आणि सोडियम हायपोक्लोराइटचा वापर सुरू केला.

भारतात सिलिंडरांची साठवण २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येते व त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. याशिवाय घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनसाठी १० टन आणि २५ टन अशा दोन मर्यादा आहेत. अकरा भरलेल्या टनरांत ९.९ टन क्लोरीन असतो. बारावा टनर आवारात आला की साठा १०.८ टन होऊन पहिली मर्यादा ओलांडली जाते. 'असू द्या एखादा जास्त' या वृत्तीने घेतलेला एक टनर केंद्राची कायदेशीर जबाबदारी बदलू शकतो.

पात्राचा आकारही महत्त्वाचा आहे. गळती शोषून घेणारी कॉस्टिक सोड्याची यंत्रणा सर्वांत मोठ्या एका पात्राच्या हिशेबाने उभारावी लागते. १ कि.ग्रॅ. क्लोरीन शोषण्यास १.१३ कि.ग्रॅ. कॉस्टिक सोडा लागत असल्याने एका टनरसाठी सुमारे १ टन सोडा द्रावणात तयार ठेवावा लागतो. १०० कि.ग्रॅ. च्या सिलिंडरांना तो खूपच कमी लागेल. परंतु समान प्रवाहातही असे पाच व असमान प्रवाहात अकरा सिलिंडर एकत्र जोडावे लागतील. जितके सिलिंडर तितके सांधे आणि तितक्या वेळा कामगाराने पाना हाती घेणे आले. बहुतेक गळती सांध्याजवळ आणि सिलिंडर बदलतानाच होत असल्याने लहान पात्र नेहमीच अधिक सुरक्षित, असे म्हणता येत नाही.

हायपोक्लोराइटचा पर्याय वायुगळतीचा धोका टाळतो. मात्र १० टक्के क्लोरीन असलेले द्रावण घेतल्यास ८६.४ कि.ग्रॅ. क्लोरीनसाठी दिवसाला ८६४ कि.ग्रॅ. द्रावण लागेल आणि उन्हाळ्यात त्याची शक्ती लवकर घटते. त्यामुळे तेथे महिनाभराचा साठा करण्याऐवजी कमी दिवसांचा साठा व वारंवार पुरवठा हे धोरण योग्य ठरते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की सिलिंडरांची संख्या हा मुळात स्वतंत्र निर्णय नाही. ती प्रवाहाचा चढउतार, पाण्याचे रसायन, खोलीचे तापमान आणि पुरवठ्याची मुदत यांतून निघणारी फलश्रुती आहे. म्हणून साठ्याचा हिशेब सर्वाधिक खपाच्या महिन्यावर व वेगाचा हिशेब सर्वांत थंड सकाळच्या कमाल तासावर करावा. दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. वेगाचे उत्तर मोठे आल्यास प्रथम प्रवाह समान करणे, खोलीचे तापमान राखणे व नियंत्रक सुधारणे या मार्गांचा विचार करावा आणि सिलिंडर वाढविणे हा शेवटचा उपाय समजावा. आपल्या उदाहरणात याच क्रमामुळे सहा टनरांचे काम तीन टनरांत होते आणि २,७०० कि.ग्रॅ. विषारी वायू वस्तीपासून दूर राहतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. बाष्पदाब व अप्रकट उष्मा भौतिकशास्त्रात, क्लोरामाइन रसायनशास्त्रात, नायट्रीकरण सूक्ष्मजीवशास्त्रात आणि घातक रसायनांचे नियम पर्यावरण अभ्यासात असे आपण वेगवेगळ्या तासांना शिकवितो. सांडपाणी केंद्रातील एका खोलीत हे सर्व एकत्र येते. तेथे टनरची झडप उघडणाऱ्या कामगाराचे आणि नदीच्या खालच्या अंगास पाणी भरणाऱ्या गावाचे आरोग्य या एकत्रित हिशेबावर अवलंबून असते, याची जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे हे आपल्या अध्यापनाचेच अंग आहे.